सोनकांबळे मॅडमचा शिक्का

रक्त द्यायला आलेल्या माणसाला सोनकांबळे मॅडम आधी नाव विचारत नसत. "आज काय खाल्लं?" असं विचारत. उपाशीपोटी बोलावलेल्या माणसालाही हाच प्रश्न. तो बिचारा घाबरून "काही नाही" म्हणाला की त्या म्हणत, "मग काल काय खाल्लं ते सांगा." दंडाला रबरी पट्टा आवळेपर्यंत माणूस भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी असं सांगत सुटायचा आणि सुई कधी टोचली ते त्याला कळायचंसुद्धा नाही. सुईवरून लक्ष उडवायची ही त्यांची युक्ती आहे असं मला पहिले काही महिने वाटत होतं. युक्ती ती होतीच, पण त्यांना उत्तरही खरोखर हवं असायचं.

मी तेव्हा लातूरच्या एका खासगी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायला होते. लॅब एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची होती, त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. मॅडम तिथल्या सगळ्यांत जुन्या टेक्निशियन. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, आणि कोपराच्या खोबणीत, मनगटांवर, मानेभोवती कातडी जाड, काळपट, भेगाळलेली. लोक त्याला इसब म्हणतात. अ‍ॅटोपिक डर्माटायटिस हे त्याचं डॉक्टरी नाव मी पहिल्यांदा मॅडमच्याच तोंडून ऐकलं. चालायला लागायच्या आधीपासून तो त्यांच्या अंगावर होता. पण बाराही महिने ब्लाउज अर्ध्या बाह्यांचा, आणि अ‍ॅप्रनच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी एकदा भीतभीत सुचवलं, की लांब बाह्यांचं घातलं तर लोक बघणार नाहीत.

"शोभा, मी चोरी केली न्हाई," त्या म्हणाल्या. "झाकू कशाला?"

त्यांना खाजवताना मी कधी पाहिलं नाही. खाज उठली की त्या तळहातानं ती जागा दाबून धरत आणि दात आवळून दुसरं काहीतरी बोलत राहत. बोलता बोलता त्यांचा आवाज अचानक मोठा झाला की मला समजायचं, आत्ता खाज उठली आहे.

एकदा औशाकडचे एक गृहस्थ साखर तपासायला आले. खुर्चीत बसले, बाही वर केली, आणि मॅडमचं मनगट दिसताच परत खाली ओढली. दुसरं कुणी नाही का, असं त्यांनी मला विचारलं, मॅडमना नाही. मी काही बोलायच्या आत मॅडमनी आपला उघडा हात त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"हे इसब हाय. हे लागत न्हाई. लागत असतं तर आमच्या मालकांना एवढ्या वर्षांत लागलं असतं, अन् ते आत्ता एसटीच्या वर्कशॉपमध्ये ठणठणीत काम करून राहिलेत." मग त्यांनी अ‍ॅप्रनवरच्या नावाच्या पट्टीवर बोट ठेवलं. "अन् हे माझं आडनाव. त्याची काही तकलीफ असंल तर तीबी आत्ताच सांगा. दोन्हीचा एकदाच निकाल लावू."

गृहस्थांनी बाही वर केली. मॅडमनी सुई काढली आणि विचारलं, "आज काय खाल्लं?"

या दोन गोष्टी त्या नेहमी एकत्र का काढत, ते मला पुढे कळलं. त्या जळकोटच्या. बौद्ध घरातल्या, वडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला. शाळेत त्यांना वर्गाच्या दाराशी वेगळं बसवत. गुरुजी सांगत, पोरीला खरूज आहे म्हणून. त्यांच्या धाकट्या बहिणीची कातडी लोण्यासारखी होती, तरी तीही दाराशीच बसायची. "तेव्हाच मला समजलं," मॅडम म्हणाल्या, "की कातडीचं कारण हे नुसतं सांगायला असतंय." हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि लगेच टेस्ट ट्यूब मोजायला घेतल्या.

रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळाच्या आदल्या दिवाळीत साहेबांनी अ‍ॅलर्जीची नवी तपासणी सुरू केली. एका बोटभर पट्टीवर पदार्थांची नावं असत. गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणा, अंडं, वांगं, अशी लांबलचक यादी. रक्तातला पिवळसर निवळ भाग त्या पट्टीवर सोडायचा. ज्या पदार्थाविरुद्ध रक्तात अँटिबॉडी असेल, त्याच्यापुढे रेघ उमटायची. इसबाच्या पेशंटला हे फार पटायचं. वर्षानुवर्षं अंग खाजतंय, कारण सापडत नाही, आणि इथे कागदावर कारणांची नावंच मिळतात.

त्याच सुमारास उदगीर जिल्हा होणार अशी बातमी पुन्हा जोर धरून होती. साहेबांनी उदगीरला जागाही बघून ठेवली. नव्या जिल्ह्यात नवे दवाखाने येतील, त्याआधी आपली शाखा उभी पाहिजे, आणि या तपासणीनंच तिचं नाव झालं पाहिजे, असं ते रोज बोलत. जळकोट त्या नव्या जिल्ह्यात जाणार होतं. मॅडमना त्याचं काही वाटत नसे.

"मी जन्मले उस्मानाबाद जिल्ह्यात, शिकले लातूर जिल्ह्यात, आता मरायला उदगीर जिल्हा," त्या म्हणाल्या. "गाव व्हतं तिथंच हाय. अन् जिल्हा बदलून कुणाची खाज थांबलेली मी बघितली न्हाई."

पट्ट्यांचा पहिला खोका उघडला तेव्हा मॅडमनी स्वतःचंच रक्त लावून पाहिलं. एकोणीस रेघा आल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोठा डबा उघडला. चपाती, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेलं अंडं, वाटीभर दही. आपला रिपोर्ट त्यांनी पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि एकेक नाव वाचत शांतपणे जेवल्या. साहेब बाहेर आले, रिपोर्ट पाहिला आणि हसले.

"एवढ्या वर्षांपासून हेच खाऊन राहिले साहेब," मॅडम म्हणाल्या. "रेघेला आत्ता कळलं."

मग हात धुऊन, अंगाला मलम चोपडत त्यांनी मला समजावलं. रक्तातला वॉचमन कुणाकुणाला ओळखतो, एवढंच ही पट्टी सांगते. ओळखतो म्हणजे भांडण आहेच असं नाही. आणि इसबवाल्याची कातडी फाटलेली असते, त्यातून धूळ, पीठ, सगळं आत शिरतं, म्हणून त्याच्या वॉचमनच्या वहीत नावंही जास्त. खरं भांडण आहे की नाही हे त्या माणसालाच विचारावं लागतं. खाल्ल्यावर काय होतं, किती वेळानं होतं, दर वेळी होतं का.

तपासणी वाईट आहे असं मात्र त्या कधीच म्हणाल्या नाहीत. अर्धापूरला दिलेली एक लेक बाळंतपणाला लातूरला माहेरी आली होती. सिझर ठरलेलं, आमच्याकडे फक्त हिमोग्लोबिनला आली. मॅडमच्या नेहमीच्या प्रश्नावर तिनं सांगितलं की सासरी केळीच्या बागा असून ती केळं तोंडात घालत नाही. ओठ सुजतात, घसा आवळतो. केळं न चालणाऱ्या काहींना रबरही चालत नाही, हे मॅडमना माहीत होतं. त्या थांबल्या. केळी भरताना रबरी हातमोजे घालतेस का, फुगा फुगवल्यावर काही होतं का, असं विचारत गेल्या. मोजे घातले की हातावर गांधी उठतात, श्वास लागतो, असं ती म्हणाली. मॅडमनी साहेबांना सांगून तिचं रक्त केळं आणि रबर या दोन्हींवर लावलं. दोन्ही रेघा ठसठशीत आल्या. मग त्यांनीच ऑपरेशन करणाऱ्या बाईंना फोन केला, की हिच्या अंगाला साध्या रबराचा मोजा लागू देऊ नका. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर मॅडमचं कौतुक केलं.

मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "बघ, आधी प्रश्न पाहिजे. रेघ मागून."

ओवीला आणलं त्या दिवशी मॅडम रजेवर होत्या. हे मी आजही स्वतःला बजावते, जणू त्यानं माझी सुटका होणार आहे. ओवी अडीच वर्षांची. गाल, कोपरे, गुडघ्यांमागची कातडी लालबुंद. तिचे आईवडील चाकूरजवळच्या गावातून लातूरला राहायला आलेले, वडील बी-बियाण्याच्या दुकानात कामाला. रस्त्यावरचा बोर्ड वाचून ते आपणहून आले होते. पट्टी दुसऱ्या मुलीनं लावली. बावीस रेघा आल्या. साहेबांनी ठरवून दिल्याप्रमाणे रिपोर्टला "टाळावयाचे पदार्थ" असा एक कागद मी जोडला. बावीस नावं मीच टाइप केली होती. ओवीची आई, सविता, ती यादी वाचून माझ्याकडे बघत राहिली.

"मग हिला द्यायचं काय, ताई?"

डॉक्टरांना विचारा, असं म्हणून मी पुढचं नाव पुकारलं.

चार महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात ते परत आले. पोरगी वाळली होती. केस तांबूस, विरळ झालेले, पोट पुढे आलेलं, आणि अंग आधीपेक्षा जास्त फुटलेलं. सवितानं यादी अक्षरशः पाळली होती. दूध नाही, डाळ नाही, गहू नाही, शेंगदाणा नाही. भाताची पेज, साबुदाणा आणि साखरपाणी यावर तिनं लेक जगवली होती. इतकं करूनही बरं वाटत नाही, म्हणजे आणखी काहीतरी बाधत असेल, म्हणून त्यांना पुन्हा तपासणी करायची होती.

मॅडमनी ओवीला वजनकाट्यावर उभं केलं. काट्याकडे त्यांनी दोनदा बघितलं. मग सविताला शेजारी बसवून यादीतलं एकेक नाव घेत विचारलं, हे खाल्ल्यावर काय व्हायचं. दूध? काही नाही. डाळ? काही नाही. अंडं दोनदा दिलं तेव्हा पाच-दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या होत्या, दोन्ही वेळा. बाकी वीस-एकवीस पदार्थ पोरगी आधी मजेत खात होती. शेवटी मॅडमनी पाण्याचं विचारलं. बोअरचं मचूळ पाणी, अंघोळ पाच-सहा दिवसांतून एकदा, तीही कपड्यांच्या साबणानं.

साहेबांनी आतून विचारलं, नमुना घेतला का. मॅडम उठून केबिनच्या दारात उभ्या राहिल्या.

"हे मी चालवणार न्हाई साहेब."

साहेब आधी समजुतीनं बोलले. पेशंट स्वतः मागतोय, आपण नाही म्हणायचं कारण काय. मॅडमनी पोरीचं वजन सांगितलं. प्रत्येक रिपोर्टखाली सावधगिरीची एक ओळ छापा, अशी मागणी केली. साहेब म्हणाले, अशी ओळ छापली तर तपासणी करील कोण.

"ज्याला गरज हाय तो करील."

"तुम्ही टेक्निशियन आहात, मॅडम," साहेब म्हणाले. "रक्त काढायचं, रेघ वाचायची. अर्थ सांगणं तुमचं काम नाही."

"मग कुणाचं हाय? तुम्ही सांगत न्हाई. ही शोभा नुसती टाइप करती. अन् पोरगी तिकडं वाळून चालली."

माझं नाव आलं तेव्हा मी कीबोर्डकडे बघत होते.

मॅडमनी त्याच दुपारी अर्धा दिवस रजा टाकली आणि सविता-ओवीला आपल्या स्कूटीवर बसवून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अंडं तेवढं बंद ठेवायला सांगितलं, बाकी सगळं हळूहळू सुरू. लावायला औषध दिलं. आणि रोज थोडा वेळ कोमट पाण्यानं अंघोळ, अंग ओलं असतानाच वरून मलम. औषध मिळत होतं. रोजची अंघोळ मात्र त्या उन्हाळ्यात लातुरात कुणाच्या नशिबी नव्हती. नळ कोरडे, टँकर आठ-दहा दिवसांनी, पाण्याच्या रांगेत पोलीस उभे.

मॅडमच्या वस्तीत टँकर आला की त्यांच्या वाट्याच्या पाण्यातून त्या दोन कॅन भरून सविताच्या गल्लीत नेत. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. नेमका त्या गल्लीतही टँकर लागलेला. रांगेतल्या बायकांनी सविताला दारात पोरीची अंघोळ घालताना पाहिलं आणि कुजबुज सुरू झाली. इथे प्यायला नाही आणि ही पोरीला न्हाऊ घालते. एक म्हातारे गृहस्थ मॅडमना म्हणाले, तुम्ही कुठल्या वस्तीतल्या, इथं कशाला येता. ते त्यांनी ज्या सुरात विचारलं, तो सूर मला कळला आणि मॅडमना तर कळलाच.

त्यांनी ओवीला उचललं आणि रांगेसमोर धरलं. गुडघ्यांमागून रक्ताचे ओघळ सुकले होते.

"मी कुठल्या वस्तीतली ते सगळ्यांना म्हाईत हाय, अन् हे पाणीबी त्याच वस्तीतलं हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या वाट्याचा एक थेंब घेतला न्हाई. ही हिची दवा हाय. रोज घालणार. ज्याला बघवत न्हाई त्यानं तोंड फिरवावं."

कुणी तिला पाणी दिलं नाही. पण कुणी अडवलंही नाही.

ते पाणी कुठून कमी झालं हे मला जूनमध्ये समजलं. मॅडमच्या दोन्ही कोपरांना बँडेज होतं. आपली अंघोळ त्यांनी आठवड्यावर नेली होती. मी काही विचारलं की त्या मोठ्या आवाजात दुसरंच बोलायला लागत.

शिक्का त्यांनी गंजगोलाईच्या बाजारातून करून आणला. साधा रबरी शिक्का, निळी शाई. "रेघ म्हणजे आजार नव्हे. खाणे बंद करण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा." मी रिपोर्ट छापून ठेवला की त्या येऊन खाली शिक्का मारत आणि पाकिटात घालत. मी बघत होते. साहेबांना सांगितलं नाही, मॅडमना अडवलंही नाही. दहा-बारा दिवसांनी कुणीतरी साहेबांना फोन केला, की हे काय नवीन. साहेब बाहेर येऊन मला विचारायला लागले. मी प्रिंटरमधले कागद सारखे करत बसले. मॅडम आतून हातमोजे काढत आल्या.

"मी मारते."

साहेबांनी शिक्का मागितला. हा इथे ठेवा आणि कामाला लागा, नाहीतर घरी जा, असं सांगितलं. मॅडमनी शिक्का पर्समध्ये टाकला. अ‍ॅप्रन काढला, नीट चौकोनी घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवला. सतरा वर्षांची नोकरी होती. जिन्यापर्यंत जाताना त्यांनी ओळीत बसलेल्या पेशंटना सांगितलं, की पुढचं रक्त दुसऱ्या ताई काढतील, त्यांचाही हात हलका आहे. मी खुर्चीतून उठले नाही. ते मला अजून टोचतं.

त्यांच्या यजमानांची बदली होऊन ते दोघं नांदेडला गेले. तिथे एका त्वचारोगाच्या दवाखान्यात मॅडम लागल्या. मी फोन केला तेव्हा माफी मागायचं ठरवलं होतं. त्यांनी तेवढी सवडच दिली नाही. ओवीचं विचारलं, अंडं अजून देत नाहीत ना ते विचारलं. मग म्हणाल्या, "साहेब एक बरोबर बोलले. अर्थ सांगायचा कागद माझ्याकडं न्हाई. आणते आता कागद."

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. दसऱ्याच्या आसपास सविता ओवीला घेऊन लॅबमध्ये आली, मॅडमना भेटायला. त्या इथे नाहीत हे तिला माहीत नव्हतं. ओवीचे गाल भरले होते. कोपरात थोडी लाली होती, ती राहणारच होती. ती काउंटरवर चढून माझा स्टेपलर मागत होती. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. ही तीच का, असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. ते तिला न्याहाळून आत गेले. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं, की अ‍ॅलर्जीच्या रिपोर्टखाली एक ओळ टाकत जा आणि तो यादीचा कागद बंद कर. ओळ त्यांनी तोंडी सांगितली. शब्द न् शब्द मॅडमचा होता. मॅडमचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि परत बोलावणंही पाठवलं नाही. उदगीर जिल्हा झाला नाही. शाखाही राहून गेली.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही वर्षांनी, नांदेडला. माझ्या मुलीचं परीक्षाकेंद्र तिथल्या एका कॉलेजात आलं होतं. मे महिना, सकाळीच ऊन तापलेलं. फाटकाजवळ एक शिपाई लोकांना थोपवत होता. पालकांनी आत येऊ नये, बाहेर झाडाखाली थांबावं. आणि त्याच्यासमोर अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये सोनकांबळे मॅडम उभ्या होत्या. केस पुष्कळ पिकलेले. मानेवरची कातडी उन्हानं लाल झालेली. शिपाई त्यांनाही झाडाकडे हात करून दाखवत होता.

"पालक न्हाई मी," त्या म्हणाल्या आणि हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "मीच परीक्षेला हाय. आहारशास्त्र, दुसरं वर्ष."

शिपायानं तिकिटावरचा फोटो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, हात वर केला आणि थांबल्या नाहीत. वेळ झाली होती.

तळमजल्यावरच्या वर्गाची खिडकी फाटकातून दिसत होती. विशीतल्या पोरापोरींमध्ये त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. घंटा झाली, पेपर वाटले गेले. मुलं एकमेकांकडे बघत प्रश्नपत्रिका उलटीपालटी करत होती. मॅडमनी ती एकदा वरून खाली वाचली, डाव्या हातानं उजवं कोपर घट्ट दाबून धरलं आणि लिहायला लागल्या.